चोचीचे दुधी

मुंगीच्या बाबांचा माणसांवर विश्वास होता, माणसांच्या आठवणीवर मात्र काडीचाही नव्हता. यात दोष त्यांचा नाही, नोकरीचा. बसस्टँडवरच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत बसून बसून त्यांचे केस पांढरे झाले होते. लोक छत्र्या विसरतात हे तुम्हाआम्हाला ठाऊक असतं. लोक कवळी विसरतात, लग्नातली अंगठी विसरतात, एका पायातला बूट विसरून दुसऱ्या पायातल्या बुटावर घरी जातात, हे बाबांना ठाऊक होतं. एकदा तर एक गृहस्थ सासूबाईंनाच बाकावर विसरून गेले होते. विसरले की सोडून गेले, हे कचेरीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी परगावच्या कॉलेजात, होस्टेलवर राहायला निघाली. घरात आनंद झाला, पेढे-बिढे नाहीत, पण आनंद झाला. आणि मग बाबांनी सुतळीचा गुंडा बाहेर काढला.

"एकटी वस्तू हरवते," ते म्हणाले. "जोडीची वस्तू हरवत नाही. इतक्या वर्षांत एकमेकांना बांधलेल्या दोन वस्तू माझ्या टेबलावर आलेल्या नाहीत."

"लोक वस्तू एकमेकांना बांधत नाहीत म्हणून आल्या नसतील," मुंगी म्हणाली.

"बांधत नाहीत, म्हणून तर हरवतात!" बाबा म्हणाले.

मुंगीला सामानाचं फारसं दुःख नव्हतं. तिला भीती होती ती बाबांची. शाळेत असताना तिची सहल गेली होती आणि ती रुमाल घरी विसरली होती. बाबा तो रुमाल घेऊन मागच्या बसने सहलीच्या ठिकाणी हजर झाले, सगळ्या वर्गासमोर त्यांनी तो तिच्या फ्रॉकला पिनेने लावला आणि परतीच्या बसने निघून गेले. पुढे शाळा संपेपर्यंत पोरं तिला 'रुमाल' म्हणून हाक मारायची. होस्टेलवर आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे आपली पाटी कोरी आहे, आणि ती कोरी ठेवायची असेल तर बाबांना गावाच्या वेशीवरच थोपवलं पाहिजे, हे तिने पक्कं केलं होतं.

"सोडायला कुणी यायचं नाही," तिने जाहीर केलं. "स्टँडवरसुद्धा टाटा-बिटा नाही. आणि मधेच बघायला तर अजिबात यायचं नाही."

बाबांचा चेहरा पडला. पण ते सरकारी माणूस, अटीला अट लावल्याशिवाय सोडणार नव्हते. "कबूल. पण सामान भरणार मी. आणि होस्टेलवर एक जरी वस्तू हरवली, तर दर रविवारी मी तिथे येणार. तपासणीला."

"आणि नाही हरवली तर?"

"तर वर्षभर तिकडे फिरकणार नाही."

बापलेकीने हातावर हात मारले. आई साक्षीदार. आईने पुढे होऊन दोघांच्याही कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

मग बाबांनी भरायला घेतलं. भरणं कसलं, ओवणंच ते. टूथब्रश साबणाच्या डबीला, डबी टॉवेलला, टॉवेल मगाला, मग उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्याला, अशी ती माळ चालली. प्रत्येक गाठ त्यांची खास. कचेरीतली गठुडी बांधून बांधून त्यांनी ती गाठ शोधून काढली होती. बाहेरच्या माणसाने कितीही ओढली तरी घट्टच होत जायची, आणि ज्याला माहीत आहे त्याने एक शेपूट ओढलं की सळकन सुटायची. माहीत असलेली माणसं दोनच, ते स्वतः आणि मुंगी. तिला ती त्यांनी बुटाची नाडी बांधायच्या आधी शिकवली होती.

"म्हणजे दात घासायला मी उशी घेऊन जायची?" मुंगीने विचारलं.

"उशी विसरणार तरी नाहीस." वाकून वाकून चष्मा नाकावरून घसरत होता, तो त्यांनी काढून बाजूला ठेवला आणि शेवटच्या गाठी नुसत्या बोटांनी मारल्या. माळ गेली पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत, आणि ट्रंकेवर पांढऱ्या रंगात, ताटाएवढ्या अक्षरात, 'मुंगी'.

त्याच संध्याकाळी बाबांचा चष्मा हरवला. साऱ्या गावाच्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसाने कपाटं उपसली, गाद्या उलटल्या, आईवर संशय घेतला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आई म्हणाली. बाबांनी काखसुद्धा बघितली. शेवटी माळ्यावरचा कॉलेजच्या काळातला चष्मा निघाला. त्याची एक काच तडकलेली होती आणि नंबर कधीच मागे पडला होता. त्यातून जग दिसायचं, पण आंघोळीच्या वाफेत आरसा दिसतो तसं.

सकाळी ते लवकर ड्युटीवर गेले, आणि आईने एक शहाणपणा केला. ताटाएवढी 'मुंगी' मिरवत पोर पहिल्या दिवशी होस्टेलात शिरणार, हे तिला बघवेना. तिने मुंगीच्या खोलीतला पडदा काढला, मशीनवर सरसर शिलाई मारली आणि ट्रंकेला खोळ चढवली. पडद्यावर बदकं होती. पांढरी, गुबगुबीत, छोट्या पिवळ्या चोचींची. बदकं काही फार भारदस्त नव्हती, पण 'मुंगी'पेक्षा बरी.

स्टँडवर मुंगी एकटीच उभी राहिली, अगदी ठरल्याप्रमाणे. एक हमाल 'ट्रंक चढवू का ताई' करत भोवती घुटमळत होता. फलाट बदलल्याची काहीतरी घोषणा झाली म्हणून ती चौकशीच्या खिडकीपर्यंत गेली आणि परत आली, तर ट्रंक नाही, हमालही नाही. हमालाने ती बसच्या डिकीत टाकली असणार, असं समजून ती निवांत खिडकीत जाऊन बसली. बस निघाली तेव्हा तिने चोरून कचेरीकडे पाहिलं. दारात बाबा उभे होते आणि अट मोडून जिवाच्या आकांताने हात हलवत होते. पण शेजारच्या बसला. त्या बसमधल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी बिचाऱ्यांनी उलट हात हलवला.

मुंगीला राहवलं नाही. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, पण तोवर बस वळली होती.

होस्टेलच्या गावी डिकी उघडली. आत कोबीची पोती होती.

मुंगी त्या कोबीकडे बराच वेळ बघत राहिली. एक जरी वस्तू हरवली तर, असं ठरलं होतं. इथे सगळ्याच्या सगळ्या गेल्या होत्या, एका वस्तूचा दोर दुसरीला असल्यामुळे एकजुटीने गेल्या होत्या. घरी कळलं, की दर रविवारी बाबा गेटवर, खिशात सुतळी, हातात रुमाल. छे! तिने ओठ घट्ट मिटले आणि खांद्यावरच्या पर्ससकट होस्टेलच्या पायऱ्या चढली.

खोलीत दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. एक इतकी उंच, की पलंगाबाहेर तिचे पाय पाहुण्यांसारखे वेगळे बसलेले दिसत. दुसरी एवढीशी. होस्टेलात आडनावं कळायच्या आधी टोपणनावं पडतात, त्यामुळे चहाच्या वेळेपर्यंत एक शिडी झाली होती आणि दुसरी टिकली.

"सामान मागून येतंय?" शिडीने विचारलं.

"हो. खूप मागून," मुंगी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. मग सगळं सांगून टाकावं लागलं. सुतळी, रुमाल, पैज, कोबी. दोघी आधी गंभीरपणे ऐकत होत्या. सासूबाईंचा किस्सा आला तेव्हा टिकली हसता हसता पलंगावरून पडली.

पण मुली सोन्यासारख्या. शिडीने पँट दिली, टिकलीने शर्ट दिला. पँट पायाखाली लोळायची आणि शर्टाच्या बाह्या कोपरापाशीच दमायच्या. पलीकडच्या खोलीने चादर दिली, त्याच्या पलीकडच्या खोलीने मग. टॉवेल दिला खुद्द रेक्टरबाईंनी, त्यावर लाल दोऱ्याने 'रेक्टर' असं काढलेलं होतं. मुंगी तो खांद्यावर टाकून बाथरूमला निघाली की रांगेतल्या मुली आपोआप बाजूला होत. 'रुमाल'ची इथे थेट 'रेक्टर' झाली होती. बढतीच म्हणायची.

उसनं घेणं सोपं, सांभाळणं अवघड. कुणाची काय वस्तू आपल्याकडे आहे, ती धुतली का, वाळली का, परत द्यायचा वार कोणता, याचा मुंगीला घोर लागून राहिला. दोरीवर वाळत घातलेला शिडीचा मोजा वाऱ्याने उडाला, तेव्हा ती मागच्या कुंपणावर चढून तो घेऊन आली. स्वतःच्या मोज्यासाठी ती खुर्चीवरसुद्धा चढली नसती.

रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा.

"टॉवेल आहे?"

"आहे."

"आंघोळीचा मग?"

"आहे."

यातलं काहीच खोटं नव्हतं. टॉवेल होता, मग होता. कुणाचा, हे बाबांनी कधी विचारलं नाही. पण फोन ठेवला की मुंगीला रोज स्वतःची थोडी लाज वाटायची. बाबा इतक्या भाबडेपणाने 'शाब्बास' म्हणायचे, की त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

एके संध्याकाळी बाबा रंगात आले होते. "अगं, लोक किती निष्काळजी असतात बघ! तू गेलीस ना, त्याच दिवशी फलाटावर एक ट्रंक सापडली. भलीमोठी. मालकाचा पत्ता नाही. मीच उचलून आणली कचेरीत. कंबर धरली माझी. कसलं घर असेल ते? पोरांना काही वळण लावतात की नाही?"

मुंगीच्या हातातला उसना कंगवा तसाच राहिला. "कसली ट्रंक, बाबा?"

"पत्र्याची असावी. वरून खोळ आहे. खोळीवर दुधी आहेत."

"दुधी?"

"दुधीभोपळे गं. पांढरट, गोल गोल. लोकांच्या आवडीनिवडी तरी एकेक! आणि दुधीला चोच कशी येते ते मला अजून कळलेलं नाही. नवीन जात असेल."

मुंगीने कसाबसा फोन ठेवला आणि पलंगावर आडवी होऊन उशीत तोंड खुपसून हसली. उशी टिकलीची होती. "काय झालं?" म्हणत दोघी धावल्या, आणि ऐकल्यावर त्याही आडव्या झाल्या.

"जिंकलीस की तू!" शिडी म्हणाली. "तू ट्रंक हरवलीच नाहीस. त्यांनीच पळवली. आत्ता फोन कर आणि सांग."

मुंगीने फोन उचलला आणि खाली ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर कचेरी आली. बाबांच्या समोरच्या टेबलावर पावतीवाले काका बसायचे. ते जन्माचे खोचक. 'स्वतःच्या मुलीचं सामान बेवारस म्हणून जमा केलं' ही गोष्ट त्यांच्या हाती लागली असती, तर बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी भाषणात आली असती. आणि बाबा हसले नसते. ते गप्प झाले असते, घरी जाऊन जेवले नसते. सारी हयात दुसऱ्यांच्या विसराळूपणावर बसलेला माणूस, त्याचं पितळ तिच्या हातून उघडं पडणार. नको. त्यापेक्षा रविवारी जावं. रविवारी बाबांना सुट्टी असते. पावतीवाल्यांना खुणा सांगाव्यात, ट्रंक घ्यावी आणि पुढच्या बसने परत यावं. कुणाला काही कळायलाच नको.

रविवारी ती स्टँडवर उतरली. घाईत सगळं उसनंच अंगावर होतं, लोळणारी पँट आणि आखूड बाह्या. कचेरीच्या दारातून तिने आत पाय टाकला आणि तिथेच थबकली. पावतीवाले काका खुर्चीत मान टाकून घोरत होते, आणि खिडकीमागे, तडकलेला चष्मा लावून, बाबा बसले होते.

"पुढे या ताई," बाबा म्हणाले. "काय हरवलं तुमचं?"

मुंगीला क्षणभर पळून जावंसं वाटलं. "तुम्ही रविवारी इथे कसे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी मान पुढे काढली. आवाज ओळखीचा, पण हा आकार कुणाचा? "कोण? मुंगी?"

"आज तुमची सुट्टी ना?"

"अगं, घरात करायचं काय? तू नाहीस. तुझी खोली तर हल्ली अशी लख्ख उजेडाची दिसते, की बघवत नाही. का कोण जाणे." ते टेबलावरचा टाचणीचा डबा इकडून तिकडे सरकवत राहिले. "एरवी रविवारी तुझ्याकडे आलो असतो. पण पैज म्हणजे पैज. म्हणून इथेच येऊन बसतो. पण तू इथे कशी? काय झालं?"

मुंगीने जे ठरवलं नव्हतं, तेच ती बोलून गेली. "बाबा, माझी ट्रंक हरवली. पहिल्याच दिवशी. मीच फलाटावर विसरले. मी पैज हरले."

बाबा ताठ बसले. बाप आणि कारकून यांच्यात आतल्या आत थोडी झटापट झाली, आणि सवयीने कारकून जिंकला. "ओळखीची खूण सांगा."

"वर बदकांची खोळ आहे. आतल्या प्रत्येक वस्तूला दुसरी वस्तू बांधलेली आहे."

"बदकांची कुठलीच नाही. एक दुधीची आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "प्रत्येक वस्तूला... काय म्हणालीस?"

ट्रंक बाहेर आली. मुंगीने खोळीचे बंद सोडले, झाकण उचललं. वर बाबांच्या गाठीचं शेपूट होतं. तिने मुख्य गाठ सळकन सोडली आणि सुतळी ओढली. टूथब्रश आला, त्याच्यामागून डबी, टॉवेल, मग खणखणत फरशीवर, मागोमाग उशी, मोज्यांची आगगाडी, आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही काड्यांना दोन नीट गाठी मारलेला बाबांचा चष्मा.

खणखणाटाने पावतीवाले जागे झाले.

बाबांनी चष्मा सोडवला, पुसला, घातला. ट्रंकेकडे पाहिलं. "अरेच्चा! हा तर आपला पडदा!" मग खोळीवर बोट ठेवून, "चोच. बरोबर. बदकाला असते." आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. "मुंगी, तू विसरली नव्हतीस. ही मी उचलली. माझ्या हातांनी."

"जाऊ द्या ना बाबा..."

"का जाऊ द्या?" बाबा उभे राहिले. "ऐका हो पावतीवाले! मी माझ्या मुलीचं सामान बेवारस म्हणून जमा केलं. आणि माझा चष्मा तिच्या ट्रंकेत मीच बांधला. लिहून ठेवा हवं तर."

पावतीवाल्यांनी भाषणासाठी काहीतरी मनात टिपून घेतलं, हे त्यांच्या मिशीवरून दिसत होतं. मुंगीला वाटलं, बाबा आता मोडून पडतील. पण बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. किती दिवसांनी त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि ते लेकीला बघत होते. वरपासून खालपर्यंत.

"ही पँट कुणाची?"

"शिडीची."

"शर्ट?"

"टिकलीचा. पिना पलीकडच्या खोलीतल्या. चपला रेक्टरबाईंच्या." मुंगीने मान खाली घातली. "माझं असं काहीच नाही, बाबा."

"इतके दिवस उसन्यावर?"

"हो."

"आणि यातलं काही हरवलंस?"

मुंगीने आठवून पाहिलं. कंगवा, चादर, मग, उडालेला मोजा. "नाही. एकही नाही."

 बाबांनी तो चांगला चष्मा काढून पुन्हा पुसला, खरं तर काचा स्वच्छच होत्या. "लोकांना स्वतःचं सांभाळता येत नाही," ते म्हणाले. "तू लोकांचं सांभाळलंस. पैज जिंकलीस. वर्षभर मी फिरकणार नाही."

मुंगीला एकदम आनंद व्हायला हवा होता. तो कुठे गेला ते तिला कळेना.

परतीच्या बसच्या आधी बाबांनीच सगळं पुन्हा भरलं. वाकले, चष्मा घसरला, काढून ठेवला, गाठी मारल्या. ट्रंक त्यांनी स्वतः बसमध्ये आणून तिच्या पायाशी ठेवली, आणि खाली उतरून हात हलवला. या वेळी बरोबर बसला, कारण दोन मिनिटांपूर्वी ते तिच्यातूनच उतरले होते.

होस्टेलवर अर्धा मजला ट्रंक बघायला जमला. मुंगीने सुतळी ओढली तशी एकच आरोळी उठली, आणि मग मगामागून मोजे, मोज्यांमागून उशी. शेवटच्या टोकाला काहीतरी चमकलं. तेवढ्यात फोन वाजला.

"मुंगी," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "माझा चष्मा पाहिलास का गं? आईला सांगू नकोस. मी तो जुनाच लावलाय. कुरिअरनं पाठवून दे."

मुंगीने दोन गाठींमधला चष्मा हातात घेतला. शिडी आणि टिकली तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. मुंगीने घसा साफ केला आणि कचेरीतला आवाज काढला.

"तसं पाठवता येत नाही, साहेब. नियम आहे. वस्तू न्यायला मालकानं स्वतः यायचं, खूण पटवायची. रविवारी खिडकी उघडी असते."

पलीकडे बाबा अडखळले. "पण पैज..."

"पैज मुलीला बघायला न येण्याची होती. तुम्ही चष्म्याला येताय."

"बरोबर," बाबा म्हणाले. मग लगेच, "येताना काय आणू?"

"काही नको. आणि बाबा, सुतळी घरी ठेवून या."

"ती मी विसरेन असं वाटतंय का तुला?" बाबा म्हणाले. "मी कधी काही विसरतो का?"